मांडीवरचं निशाण

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. एका नदीकाठी सात गावं होती. सुगी आटोपली की सातही गावांचे संघ पायाने चेंडू खेळत. जिंकणाऱ्या गावाला राजा चांदीची ढाल देई. जे गाव तळाला जाई, त्याच्या मैदानावर नांगर फिरे आणि बारा वर्षं तिथला खेळ बंद होई.

यातल्या एका गावचा संघ जहागीरदारांनी पदरी बाळगला होता. माणूस मायाळू, खेळाडूंना दूध-तूप कधी कमी पडू दिलं नाही. पण लहानपणी त्यांनी वडिलांच्या मैदानावर नांगर फिरताना पाहिला होता आणि ती धास्ती मनातून गेली नव्हती. त्यांनी नियमच घातला, की आपण निशाण उंचावल्याशिवाय मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. निशाण मांडीवर घेऊन ते लिंबाखाली बसत. ते वर कधी गेलंच नाही.

दर वर्षी गाव ना वर, ना खाली. "हरलो तर नाही ना?" म्हणत जहागीरदार पेढे वाटत. बरोबरीचे पेढे खाणारं सात गावांत हे एकच!

संघाचा म्होरक्या मात्र पेढा हातातच धरून बसे. गुडघे कुरकुरू लागले होते. पाय चालताहेत तोवर एकदा ढाल गावात यावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

एका वर्षी बाकीच्या गावांनी एकमेकांना हरवलं आणि यांचं नशीब उघडलं. शेवटच्या सामन्यात एक गोल झाला की ढाल त्यांची, बरोबरी झाली तर समोरच्यांची. खेळ संपत आला होता. म्होरक्याच्या पायाशी चेंडू होता, समोर मैदान मोकळं. तो रेघेवर थांबला.

"सरकार, आता तरी सोडा!"

जहागीरदारांचा हात निशाणावर गेला आणि तिथेच राहिला. "आणि उलटा आपल्यावरच गोल झाला तर?" ते पुटपुटले. तेवढ्यात खेळ संपल्याचं शिंग वाजलं. खाल्ल्या मिठाला जागणारा तो म्होरक्या रेघेवरच बसून हमसून हमसून रडला.

आठवड्याभरात त्याचा सगळ्यात चपळ जोडीदार दुसऱ्या गावाला निघाला. "दादा, इथं खायला कमी नाही. पण पळायचं कुठं?" म्होरक्या त्याला वेशीपर्यंत सोडून आला.

पुढच्या वर्षी म्होरक्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. तो जहागीरदारांशेजारी बसून सामने बघू लागला. संघ घसरत तळाशी आला. शेवटच्या सामन्यात एक गोल अंगावर होता. जहागीरदार धडपडत उठले आणि त्यांनी निशाण उंच धरलं.

"जा रे पोरांनो, जा!"

पोरं रेघेपर्यंत धावली आणि थबकली. एकमेकांची तोंडं बघू लागली. रेघेपलीकडे कसं खेळायचं, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर नांगर फिरला. जहागीरदारांनी निशाण म्होरक्यापुढे केलं. "आता तूच धर हे."

"सरकार," तो म्हणाला, "माझे पाय चालत होते तेव्हा तुम्ही उंच धरायचं होतं."

लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: हरण्याच्या भीतीने जो पाय बांधून ठेवतो, त्याला धावायची वेळ आली की पायच साथ देत नाहीत.