सोळावं पान

एका वृद्ध बाईंकडे गावातली एक नवी सून वनस्पतींचं ज्ञान घ्यायला येत असे. बाईंना सारे माई म्हणत. शिष्येचं नाव रेवती. माईंच्या अंगणात औषधी झाडं पुष्कळ होती, पण तुळशीजवळच्या कुंडीतलं एक जाडसर पानांचं रोप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्या गुरूंनी अखेरच्या भेटीत ते स्वहस्ते दिलं होतं. बाहेर निघताना माई त्या रोपाला हात लावून "येते हं" म्हणत.

श्रावण आला. रेवतीची पहिलीच मंगळागौर. सोळा जातींची पत्री, प्रत्येकीची सोळा पानं. "अंगणातली हवी ती घेऊन जा," असं माई म्हणाल्याच होत्या. सोळावी जात काही जमेना, तेव्हा घाईघाईत रेवतीने त्या कुंडीला हात घातला. पंधरा पानं निघाली. सोळावं अगदी बुडाशी, चिवट. तिने ओढलं, तर रोपच मुळासकट हातात आलं! घाबरून तिने ते परत मातीत खोचलं. दुपारी दारच्या शेळीने ती उघडी काडीही फस्त केली.

पूजा झाली. दुसऱ्या दिवशी निर्माल्याची टोपली घेऊन रेवती माईंपुढे उभी राहिली आणि सोळाव्या पानापासून शेळीपर्यंत सारं सांगून टाकलं.

"माई, रोपवाटिकेतून हुबेहूब असंच आणून देते. पण मला येऊ नकोस म्हणू नका."

माई रिकाम्या कुंडीकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते.

"अगं, पंधराच वाहायची. गौर काय मोजायला बसते?"

मग त्या टोपलीपाशी बसल्या. बहुतेक पानं चुरगळली होती. शोधता शोधता हळदीकुंकवाने माखलेलं एक धड पान सापडलं. माईंनी ते धुतलं आणि कुंडीतल्या ओल्या मातीवर अलगद आडवं ठेवलं.

"विकत काही आणू नकोस. महिनाभर रोज येऊन ओंजळभर पाणी घाल."

"खुडलेल्या पानाला?"

"हो. व्रत समज."

रेवतीने नेम धरला. घरी सासूबाई हसायच्या, "आमची सूनबाई पानाला अंघोळ घालायला चालली!" रेवती मुकाट्याने जायची. तिसऱ्या आठवड्यात पानाच्या कातरलेल्या कडेवर तिला दोऱ्यासारखी पांढरी मुळं दिसली, आणि त्यांच्यावर तिळाएवढी दोन-दोन पानं.

"माई! अहो माई, लवकर या!"

माई आल्या, कुंडीशी टेकल्या आणि शांतपणे सांगू लागल्या, "सजीवाचं शरीर पेशींचं बनलेलं असतं, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या जीवाची संपूर्ण पोथी असते. तिला जीनोम म्हणतात. मूळ कसं धरावं, फूल कसं घडवावं, सारे अध्याय तिच्यात. पानाच्या पेशीजवळही तीच पोथी. पण पान आहे तोवर ती पानाचेच अध्याय वाचते. बाकीचे मिटलेले असतात गं, पुसलेले नसतात. हे पान तुटलं, ओली माती लाभली, आणि मुळाचा अध्याय उघडला. आपलंही तसंच. तुझ्या डोळ्यात आणि हाडात पोथी एकच, वाचन निराळं."

रेवतीने भीतभीत विचारलं, "मग हे रोप नवं की तेच?"

"विकतचं रोप दिसायला असंच असतं, पण त्याची पोथी त्याची. यात मात्र गुरूंच्या रोपाचीच नक्कल उतरली आहे. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल, तेवढंच."

महिना भरला. कडेवरची पाच रोपं नखाएवढी झाली. माईंनी त्यातलं एक मातीसकट उचलून रेवतीच्या ओंजळीत ठेवलं.

"मला? मी मोडलं असताना?"

"महिनाभर पाणी कोणी घातलं?" माई म्हणाल्या. "गुरूंनी मला दिलं, मी तुला देते. उद्या वेळेवर ये. धडे मागे पडलेत."

पुढच्या श्रावणात रेवतीच्या पत्रीत त्या झाडाचं एकच पान होतं. निर्माल्य विसर्जनाला निघालं, तेव्हा तिने ते हळूच काढून घेतलं, धुतलं आणि ओल्या मातीवर ठेवलं.