तोंड न मिटणारा मामा

पूर्वी शूर्पारक नगरात राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या बंदराबाहेरच्या प्रवाळांच्या रानात म्हातारा मासा होऊन राहत होता. शेजारच्या झुडपात हळदी नावाची मासोळी आपल्या शंभर पिल्लांसह नांदत होती.

एका वर्षी समुद्राला ताप चढला. वारा पडला, पाणी महिनाभर तापत राहिलं, रंगीत प्रवाळ पांढरेफटक झाले. गंमत अशी, की त्या उन्हाळी पाण्यात पिल्लं भराभर वाढू लागली. हळदी ज्याला त्याला त्यांच्या शेपट्या दाखवीत फिरे. बोधिसत्त्व म्हणाला, "अगं, हे बाळसं नव्हे, ताप आहे. पोरांना सावलीत ठेव."

"काका, तुमच्या लेकरांनी कधी अंग धरलं नाही, म्हणून बोलता."

पण पिल्लांना भूक आवरेना, आणि वास कळेना. वैऱ्याचा वास आला की दडायचं, ही आईची पहिली शिकवण. ती तापानं पार उडाली. मग हेकरू नावाचा थोराड मासा आला. मी तुमचा मामा, म्हणाला. पिल्लं रांगेनं पाया पडायला गेली. रांग त्याच्या उघड्या तोंडात गेली, बाहेर काही आली नाही. सात उरली, तीही मामाकडे जायचं म्हणून रडू लागली.

हळदी काकांकडे धावली. बोधिसत्त्वानं पाहिलं होतं, की तापल्या पाण्यात दम पुरत नाही, तोंड उघडं ठेवून सारखं पाणी ओढावं लागतं. जेवढं अंग मोठं, तेवढी धाप मोठी. त्यानं सातांना एक रीत पढवली.

दुसऱ्या दिवशी मामा येताच धाकटं म्हणालं, "मामा, आमच्याकडे पाहुणा तोंड मिटून येतो. आम्ही सातही जण एकेक गिरकी घेतो, तोवर मिटून दाखव."

हेकरूनं तोंड मिटलं. तिसऱ्या गिरकीला डोळे बाहेर आले. पाचवीला त्यानं आ वासला, तर दातांत थोरल्या भावाची शेपटी. सातही जण क्षणात झुडपात.

हेकरू धापा टाकत आडवा झाला. मरू दे मेल्याला, हळदी म्हणाली. बोधिसत्त्वानं मात्र त्याला ढकलत खालच्या थंड कपारीत नेलं. "गड्या, इथं दम खा. वर येऊ नकोस." लाजेनं तो पुन्हा वर आला नाही.

पुढे वारा सुटला, पाणी निवलं, प्रवाळांना रंग फुटला. सातांचे सात संसार झाले. नातवंडांच्या शेपट्या मात्र हळदीनं कुणाला दाखवल्या नाहीत.

ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्यांना म्हणाले, "तेव्हाची हळदी म्हणजे दारात लेकरांचं कौतुक सांगणारी ही उपासिका. हेकरू म्हणजे भिक्षेला सर्वांआधी पात्र पुढे करणारा हा भिक्खू. म्हातारा मासा मीच. वैऱ्याचीही धाप जिला ऐकू येते, ती करुणा."

भिक्खूनं हळूच तोंड मिटलं.