पारव्याचं देणं

शके सोळाशे बावन्न. साधारण नाम संवत्सर. मार्गशीर्ष लागला होता आणि थंडी कडाक्याची पडली होती. साल नीट ऐका. गोष्टीला साल असलं की तिला कोणी खोटी म्हणत नाही.

तर भीमेच्या काठी एक राजा होता. त्याच्या पागेत शंभर घोडे. त्यांना चाल शिकवायला एक चाबुकस्वार, नाव सटवाजी. मोठा मानी माणूस. मिशा अशा, की शिंगरं आधी मिशा ओळखत, मग सटवाजीला.

त्याचा लाडका घोडा पारवा. हा घोडा बोलायचा, बरं का. सगळ्यांशी नाही. ज्याच्याकडून त्याचं देणं फिटायचं असेल, त्याच्याशीच. तीन वर्षांमागे सटवाजी भीमेच्या पुरात वाहून चालला होता. पारवा काठाला लागला होता, तो परत पाण्यात शिरला. सटवाजीनं शेपटी धरली आणि जीव वाचला. काठावर आल्यावर तो म्हणाला, "माग काय मागायचं ते."

पारवा म्हणाला, "वेळ आली की मागेन."

आता त्या राज्यात एक रीत होती. राजाचं मूल नऊ वर्षांचं झालं की चंपाषष्ठीला त्यानं एकट्यानं घोड्यावर बसून खंडोबाचा डोंगर चढायचा. घोडा कोणता, ते चाबुकस्वारानं सांगायचं. त्यात राजाही बोलत नसे. राजाला एकच लेक, हिराई. ती आजवर घोड्यावर बसली नव्हती, आणि तिला पारवाच हवा होता.

दसऱ्याला भर दरबारात सटवाजी बोलून बसला, "माझ्या हातचा घोडा आहे. पारव्यावर तान्हं पोरही बसेल. नाही बसलं तर मिशी उतरवीन."

बोलायला काय लागतं?

मग षष्ठीला तीन दिवस उरले. पहिल्या दिवशी सटवाजीनं हिराईच्या वजनाचं बाजरीचं पोतं पारव्याच्या पाठीवर बांधलं. पारवा अंगणभर असा चालला, की एक दाणा सांडला नाही. सटवाजीनं मिशीला पीळ दिला.

पारवा म्हणाला, "पोत्याला भीती नसते."

दुसऱ्या दिवशी त्यानं बोकड बांधला. बोकड ओरडला, त्यानं पाय झाडले. पारवा तीनदा उधळला.

"बोकडाला अक्कल नाही," सटवाजी म्हणाला.

"भीती तर आहे," पारवा म्हणाला.

मग तिसऱ्या दिवशी खुद्द हिराईला वर बसवलं. लगाम सटवाजीच्या मुठीत.

"भीती वाटते का गं?"

"मुळीच नाही, सटवाजीबाबा!"

तेवढ्यात वरून एक कावळा ओरडत गेला. पोरीनं दचकून दोन्ही टाचा घोड्याच्या कुशीला घट्ट लावल्या. पारवा बाणासारखा सुटला. सटवाजी लगामाला लोंबकळत फरफटत गेला, म्हणून पोर वाचली. वर म्हणते कशी, "अजून एकदा!"

तिला घरी धाडून सटवाजी घोड्यावर खेकसला, "वाईट खोड कुठून आणलीस?"

"खोड नाही. टाच लागली की उडायचं, हे तूच शिकवलंस. तुझी टाच हुकूम देते. तिची टाच भिते. मला दोन्ही सारख्याच. डोंगरावर ढोल वाजतील तेव्हा लगाम धरायला तू नसशील."

सटवाजीनं लगाम खुंटीला अडकवला.

"वेळ आली," पारवा म्हणाला. "माझं देणं दे. मी पोरीला जड आहे, हे दरबारात सांग."

"दुसरं काही माग."

"पुरात शेपटी धरलीस, तेव्हा मी म्हणालो का, दुसरं काही धर?"

चंपाषष्ठीची सकाळ झाली. दरबार भरला. राजानं विचारलं, "सटवाजी, घोडा कोणता?"

सटवाजीचा हात मिशीवर गेला. मग खाली आला. "पारवा पोरीला जड आहे, महाराज. चिमणी नावाची गरीब घोडी आहे, ती द्या."

दरबार हसला. कोणी तरी मागून ओरडलं, "न्हाव्याला बोलवा रे!" न्हावी आला. हिराई रडकुंडीला आली. "बाबा, तुमची मिशी!"

"मिशी उगवते, पोरी. मोडलेली मान उगवत नाही."

मग हिराई चिमणीवर बसून डोंगर चढली. वर ढोल वाजले, भंडारा उधळला. पोरगी दचकली, टाचा घट्ट लागल्या. चिमणीनं एक कान हलवला आणि आपली चालत राहिली. राजाची लेक देवाला पोचली. पुढं मोठी झाली, टाच आवरायला शिकली आणि पारव्यावरही बसली. सगळी सुखात राहिली. आता पांघरूण घ्या, डोळे मिटा, एवढंच राहिलंय.

त्या दिवशी सटवाजी बिनमिशीच्या ओठानं पागेत आला. पारव्यापुढे गवत टाकलं. विचारलं, "फिटलं का?"

पारव्यानं गवत खाल्लं. बोलला नाही.

देणं फिटलं होतं.