दगडाची जागा

एका गावात बेकी नावाचा एक तरुण होता. इतका भोळा, की 'भोळा' हा शब्दही त्याच्यापुढे लाजावा. गाव आपल्याकडचं नव्हे, आफ्रिकेतलं, झुलू लोकांचं. पण असली माणसं काय, कुठेही पिकतात!

बेकीचं थांडेकावर प्रेम होतं, आणि नवल म्हणजे तिचंही त्याच्यावर. लग्न अडलं होतं एका गायीवर. झुलूंत गाय मुलाने मुलीच्या बापाला द्यायची असते, आणि बेकीच्या गोठ्यात माश्यासुद्धा नव्हत्या.

गावच्या टेकडीवर जुन्या राजाचं स्मारक होतं. स्मारक म्हणजे दगडांचा मोठा ढीग. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर एक दगड ठेवायचा, अशी रीत. यंदा सणाला मुखियाने तिथे लाल मण्यांनी मढवलेला भोपळा लपवला. ज्याला सापडेल त्याला गाय!

थांडेका म्हणाली, "डोळ्यांत तेल घालून शोध हं! आणि गाय हाती आली की इकडेतिकडे न बघता थेट आमच्या अंगणात आणून बांध."

"बरं," बेकी म्हणाला. सांगितलं ते करायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

त्याने वाटीभर तेल घेतलं आणि दोन्ही डोळ्यांत ओतलं. मग चाचपडत टेकडी चढला आणि धाडकन मुखियाच्या पोटावर आदळला.

"आंधळा आहेस काय रे?" मुखिया ओरडला. "कुणाला लागलं तर आधी माफी मागावी! आणि रिकाम्या हाताने आलास? इथे दगड ठेवायचा असतो. इथलं काही उचलायचं मात्र नाही, समजलं?"

"समजलं, बाबा."

तोंड धुऊन बेकी शोधायला लागला. ढिगामागच्या गवतात त्याचा पाय कशाला तरी लागला. बघतो तर लाल मण्यांचा भोपळा! तो वाकून भोपळ्याला म्हणाला, "माफ करा हं, फार लागलं का?" भोपळा काही बोलला नाही. मग बेकीने त्याच्यावर एक दगड ठेवला आणि काही न उचलता उभा राहिला.

तेवढ्यात लुंगा आला. गावातला चलाख गडी, त्याचाही थांडेकावर डोळा. "काय रे, काय सापडलं?"

"भोपळा. पण उचलायचा नसतो."

"नसतोच मुळी," म्हणत लुंगाने तो उचलला.

लुंगाला गाय मिळाली. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचायला निघाले. जाता जाता त्याने दावं बेकीच्या हातात दिलं. "जरा धर रे हिला."

गाय हाती आली! बेकीने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. थेट थांडेकाच्या अंगणात नेऊन बांधली.

तिचा बाप हरखला. "वा! कुणाची रे ही?"

खोटं बोलणं बेकीला कुठलं जमायला? "लुंगाची."

"गुणी मुलगा हो! सांग त्याला, लग्न ठरलं."

थांडेकाला रडू फुटलं. "दगड आहेस रे तू, निव्वळ दगड!"

बेकी विचारात पडला. मग तडक टेकडी चढला आणि स्मारकाच्या ढिगावर जाऊन बसला.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड रीतीप्रमाणे दगड ठेवायला तिथे आलं. थांडेका मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "वेड्या, अजून वेळ गेलेली नाही. मला उचल आणि पळ!"

"छे गं," बेकी म्हणाला, "इथलं काही उचलायचं नसतं."

आणि तिच्या हातातल्या दगडाला जागा व्हावी म्हणून तो जरा सरकून बसला.