चौदा चिंचोके

“…तेवढंच सांगा बापू. हे नाटक माझं आहे की नाही?”

विद्याधर माईणकरांनी वही पुढे केली. बापूंनी ती घेतली नाही.

“चहा घेतलास?”

“घेतला.”

“मग घाई कसली?”

घाई होती. शुक्रवारी पहिला प्रयोग होता आणि जाहिरातीचा मजकूर आज संध्याकाळपर्यंत पुण्याला कळवायचा होता. त्या मजकुरातला एकच शब्द अडला होता. ‘स्वतंत्र’. तो शब्द छापायचा की नाही, एवढं विचारायला माईणकर पहाटेच्या गाडीने मिरजेला आले होते.

बापू कवठेकर शहाऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी मिरजेत हौशी नाटकमंडळी चालवली होती; माईणकर तरुणपणी त्याच मंडळीत होते. आता एका डोळ्याने दिसत नसे, पण कान शाबूत होते. मागच्या अंगणात आरामखुर्ची टाकून ते दिवसभर बसत. शेजारी त्यांची थोरली बहीण आक्का पाटावर बसून चिंचा फोडत होत्या. आक्कांनी जन्मात दोन नाटकं पाहिली होती आणि दोन्हींत त्यांना झोप लागली होती. हे त्या स्वतःच सांगत, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

माईणकर मात्र साधी असामी नव्हती. दिग्दर्शक म्हणून सेहेचाळीस नाटकं त्यांच्या नावावर होती. त्यातली सतरा स्वतंत्र, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली. एकोणतीस रूपांतरित, म्हणजे परक्या मुलखातली, माईणकरांनी स्वतः मराठीत आणलेली. कुठला कोण डॉक्टर, त्याला त्यांनी कऱ्हाडात दवाखाना घालून दिला होता. कुठली कोण म्हातारी सरदारीण, ती त्यांच्या हाताखाली साताऱ्याची होऊन गेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मानपत्रं दिली, शाली पांघरल्या.

आणि एका समीक्षकाने लिहिलं, “माईणकर दुसऱ्याच्या घरात फार छान राहतात.”

त्याला नऊ वर्षं झाली. समीक्षक ते विसरूनही गेला असेल. माईणकरांना ते तारखेसकट पाठ होतं. शाली कपाटात राहिल्या, हे एक वाक्य मात्र त्यांच्या उशाशी येऊन बसलं.

मग एकसष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःचं नाटक लिहिलं. समोर कुठलंही परकं पुस्तक न ठेवता, कोऱ्या वहीत. ‘सामाईक विहीर’. दोन भाऊ, मधे एक विहीर, बारा वर्षांचा अबोला. तालमी रंगल्या. आणि गेल्या आठवड्यात वहिनीचं काम करणारी मुलगी सहज बोलून गेली, “सर, हे मी कुठंतरी ऐकलंय.”

झालं. माईणकरांचं जेवण तुटलं. घरातली सगळी नाटकं त्यांनी पुन्हा चाळली. विहीर कुठे सापडली नाही. पण उभा जन्म दुसऱ्यांची नाटकं वाचण्यात गेलेला, कधी कुठलं काय आत शिरून बसलं असेल, याची खात्री कोण देणार?

“तुम्ही सगळं वाचलंय,” ते म्हणाले. “कुठून आलंय तेवढं सांगा. नाहीतर…”

“नाहीतर?”

“नाहीतर माझं आहे म्हणा.”

बापूंनी एक डोळा मिटला. दुसरा मिटलेल्यासारखाच होता.

“वाच,” ते म्हणाले. “आक्का, तूही ऐक.”

“मी कशाला?” आक्का म्हणाल्या. “झोप लागली तर चिंचेऐवजी बोट फुटेल.”

“ऐक गं.”

माईणकर मनात चरकले. बापूंची ही जुनी रीत त्यांना ठाऊक होती. नव्या नाटकाच्या पहिल्या वाचनाला बापू नेहमी एक बाहेरचा माणूस शेजारी बसवत. कधी शिंपी, कधी पेटीवाला, कोणी नसलं तर आक्का. मधेच वाचन थांबवून त्याला विचारत, पुढे हा काय म्हणेल? आणि उत्तर ऐकून आपल्या वहीत पेन्सिलीने काहीतरी खूण करत. ती वही मांडीखाली असायची. कुणाला दाखवायचे नाहीत.

माईणकर वाचू लागले. आवाज कमावलेला होता. अंगणात ऊन सरकत होतं.

नाटकातला धाकटा भाऊ, थोरला आजारी आहे असं कळल्यावर, बारा वर्षांनी त्याच्या दारात येतो. उंबऱ्याबाहेर चपला काढतो. वहिनी बाहेर येते, त्याला पाहते…

“थांब,” बापू म्हणाले. “आक्का, वहिनी काय म्हणेल?”

आक्कांनी मान वर केली नाही.

“म्हणेल, चपला आत घ्या, बाहेर कुत्री नेतात.”

माईणकरांनी वहीत पाहिलं. वहीत होतं, ‘चपला आत घ्या भावजी. कुत्र्यांचा भरवसा नाही.’

“तेच आहे,” ते कसंबसं म्हणाले.

बापूंनी आक्कांच्या सुपातला एक चिंचोका उचलला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला.

“पुढे.”

थोरला खाटेवर आहे. धाकटा पायाशी उभा राहतो. कोणी बोलत नाही. मग थोरला…

“थांब. आक्का?”

“म्हणेल, वाळलास.”

वहीत होतं, ‘वाळलास रे.’

दुसरा चिंचोका.

“मग धाकटा?”

“तो म्हणेल, तू कुठं लठ्ठ झालायस.” आक्का स्वतःशीच हसल्या. “भाऊच ते.”

तिसरा.

माईणकरांच्या वहीत हेही होतं. हे वाक्य त्यांनी दोन दिवस घासून लिहिलं होतं. नटाने ते म्हटलं की तालमीत सगळे हसत आणि लगेच गप्प होत, आणि त्या गप्प होण्यावर माईणकर बेहद्द खूश होते. तेच वाक्य या बाईने चिंच सोलता सोलता उडवून दिलं.

ते वाचत गेले. बापू थांबवत गेले. वहिनीने ताट कुणाचं आधी वाढलं, धाकट्याने औषधाची बाटली उचलून काय विचारलं, थोरल्याने विहिरीचं नाव न काढता विहिरीची गोष्ट कशी काढली… आक्का सांगत गेल्या. कधी शब्द वेगळे असत, पण गोष्ट तीच. एके ठिकाणी तर सांगताना त्यांचा आवाज जड झाला आणि त्यांनी पदराने नाक पुसलं. “मेली चिंच डोळ्यांत जाते,” त्या म्हणाल्या.

माईणकरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते चिंचोक्यांकडे पाहत होते.

शेवटचा प्रवेश आला. दोघे भाऊ विहिरीच्या काठावर. बारा वर्षांनी धाकट्याच्या हातात दोर आहे. बादली आत जाते. थोरला रहाटाला टेकून उभा.

“थांब,” बापू म्हणाले. “आक्का, आता धाकटा काय म्हणेल?”

आक्कांचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली, आणि कुणाकडेच पाहिलं नाही.

“आता?… आता काही नाही म्हणायचा.”

“काहीच नाही?”

“पाणी ओढेल.”

माईणकरांच्या जिवात जीव आला. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि वाचलं, “दादा, आपण एकाच अंधाराचे दोन काठ आहोत. पाणी फक्त आपल्याला जोडणारं मौन आहे.”

अंगणात एक कावळा होता, तो उडून गेला.

“असं म्हणतो होय तो?” आक्का म्हणाल्या. “शिकलेला असेल.” आणि त्या पुन्हा चिंचेकडे वळल्या.

बापूंनी चिंचोका ठेवला नाही.

माईणकरांनी चिंचोके मोजले. पंधरा ठिकाणी बापूंनी थांबवलं होतं. खुर्चीच्या हातावर चौदा चिंचोके होते.

“चौदा,” ते म्हणाले.

“हूं.”

“म्हणजे चौदा ठिकाणी माझं काही नाही. आक्कांनासुद्धा ठाऊक असलेलं लिहिलं मी. तीन वर्षं बसून.” फार वाईट वाटलं त्यांना. समीक्षकाने लिहिलं तेव्हा वाटलं होतं, त्याहूनही वाईट. समीक्षकावर निदान रागावता तरी आलं होतं.

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान वर धरलं.

“पण हे एक. हे आक्कांना सांगता आलं नाही.”

“नाही आलं.”

“तुम्हाला?”

“मलाही नसतं आलं.”

“म्हणजे हे तरी माझं.”

“तुझं,” बापू म्हणाले. “शंकाच नाही.”

माईणकर सावरून बसले. चेहऱ्यावर थोडा रंग आला. हे वाक्य त्यांना अवचित सुचलं होतं, दाढी करताना, आणि त्या भरात गालावर कापलं होतं. जाहिरातीत नाटकाच्या नावाखाली तेच जायचं होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं.

“बास. एवढा आधार पुरे. ती चौदा वाक्यं मी आजच काढतो. फोनवरून सांगतो सगळ्यांना, तीन दिवसांत बसवून घेऊ. आणि या वाक्याच्या तोडीचं बाकीचं करतो.”

“काढतोस? का?”

“का म्हणजे? तुमचीच रीत आहे बापू. मी तर आयुष्यभर हेच करत आलो.”

“कसली रीत?”

माईणकर जरा घुटमळले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण कान लाल झाले.

“मी मंडळी सोडून पुण्याला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी… तुम्ही हात धुवायला उठला होता. वही खुर्चीवर राहिली होती. मी पाहिली.”

“चोरून?”

“चोरून. पहिलं वाचन नुकतंच झालेलं. आक्कांनी ओळखलेल्या प्रत्येक वाक्यापुढे तुमची खूण होती. मला लख्ख कळलं. जे कुणालाही आधीच कळतं, ते काढून टाकायचं. तीच गाठ बांधून गेलो. एकोणतीस रूपांतरं केली, प्रत्येकाच्या पहिल्या वाचनाला बाहेरचा माणूस बसवला. त्याने जे ओळखलं, ते खोडलं.”

“सगळं?”

“सगळं. एक ओळ ठेवली नाही.”

बापूंनी दिसणारा डोळा उघडला. त्यात राग नव्हता. जवळचं कुणी गेल्याचं उशिरा कळावं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

“त्या नाटकाचा प्रयोग पाहायला तू थांबला नाहीस,” ते म्हणाले.

“नाही… दुसऱ्याच दिवशी गाडी होती.”

“खुणेची एकही ओळ मी काढली नव्हती,” बापू म्हणाले. खुर्चीच्या हातावरचे चिंचोके त्यांनी एकेक करून तळहातावर घेतले. चौदाच्या चौदा. मग माईणकरांचा पेन धरलेला हात ओढला, पेन काढून आपल्या मांडीवर ठेवलं, आणि चिंचोके त्या मोकळ्या हातात ओतून वरून मूठ मिटली. म्हाताऱ्याच्या पकडीत अजून जोर होता.

माईणकर त्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिले. एकोणतीस नाटकं… दर नाटकात कितीतरी ओळी. शिंप्याने सांगितलेल्या, सुताराने सांगितलेल्या, एकदा एका परटिणीने रडत सांगितलेल्या. सगळ्या त्यांनी लाल पेन्सिलीने मारल्या होत्या.

आक्कांनी सूप झटकलं. “अरे विद्याधर,” त्या म्हणाल्या, “त्या थोरल्याला पुढं बरं वाटतं की नाही? तेवढं सांग. मग मी आत जाते.”

पहिल्यांदाच त्यांना नाटकात झोप लागली नव्हती.

“वाटतं, आक्का,” माईणकर म्हणाले. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

“मग झालं,” म्हणून आक्का उठल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

ऊन खुर्चीच्या पायापाशी आलं. दूर कुठेतरी गाडीची शिट्टी झाली.

“बापू…”

“हूं.”

“संध्याकाळी पुण्याला काय कळवू? स्वतंत्र म्हणू की नको?”

बापूंनी माईणकरांच्या मांडीवरची वही चाचपली, शेवटचं पान काढलं आणि चष्म्याशिवाय, नुसत्या बोटाने, ती एक ओळ शोधली. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी पेन परत दिलं.

“एवढं खोड. मग नाटक तुझं.”