बिनखिडकीचं सौरघर

प्राण्यांचंही विद्यापीठ होतं, त्या काळातली ही हकिकत. तिथल्या सौरघर-स्पर्धेसाठी रेवा खार आणि तिच्या वर्गमित्रांनी थंडीने आखडलेल्या म्हाताऱ्या कासवाला राहायला एक घर बांधलं. वीज भरपूर मिळावी म्हणून छतावर आणि चारही भिंतींवर सोलर पॅनेल बसवली, त्यामुळे खिडकीला जागाच उरली नाही. आत भरदुपारी दिवा लावावा लागे, आणि तो उन्हावर चालतो याचं सगळ्यांना फार कौतुक.

परीक्षक गजराजसर येणार त्या सकाळी कासवआजोबा दाराबाहेर बसले होते.

“आजोबा, आत बसा ना,” रेवा म्हणाली. “तुमच्यासाठीच बांधलंय.”

“आत गारठतो गं पोरी. घर नव्हतं तेव्हा निदान ऊन तरी होतं.”

रेवा वरमली. मित्र नको नको म्हणत असताना तिने एक पॅनेल उतरवून भिंतीला खिडकी पाडली. ऊन आत आलं, मागोमाग आजोबा आले आणि पाय ताणून झोपी गेले.

गजराजसरांनी दिवा दोनदा लावून पाहिला. “काम उत्तम आहे,” ते म्हणाले, “फक्त घरात ऊन शिरतंय. तेवढं बंद करा, पहिला नंबर तुमचाच.”

रेवाने खिडकी बुजवली नाही. पहिला नंबर शेजारच्या बिनखिडकीच्या घराला मिळाला. तिथे राहायला अजून कुणी गेलेलं नाही.