धुरपाची पायरी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सोनवती नदीवर तेव्हा पूल नव्हता. अलीकडे करंजघाट गाव, पलीकडे रान आणि दोनचार वाड्या. नाव चालवायचा हैबती. त्याची बायको धुरपा. एकाला ठेच लागली तर दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी, असा जोडा होता, असं म्हणतात.

एका श्रावणात पलीकडे एक बाई अडली. सुईणीला घेऊन हैबती निघाला. नदी फुगत होती, घाटावर दिवा लावायच्या पायरीवर पाणी चढलं होतं. नावेतून तो ओरडला, "पानी दिव्याच्या पायरीखाली गेलं की येतो गं!"

सुईण पोचली, बाळ सुखरूप झालं. पण हैबतीला धीर निघाला नाही. पाणी उतरायच्या आधीच त्यानं परतीची नाव सोडली. पुढचं साऱ्या गावाला कळलं, धुरपाला सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

पाणी पायरीखाली गेलं. हैबती आला नाही. धुरपा म्हणाली, "माजंच माप चुकलं आसंल."

मग ती रोज माप घेऊ लागली. पाणी टेकेल तिथं पायरीवर कावेची रेघ ओढायची. घाटावरच्या उंबराचं पान पाण्यात सोडायची आणि ओवी म्हणायची.

"नदीबाई तुजं पानी उतरू दे पायरीला,
धाड माज्या नावाड्याला उंबराच्या सावलीला."

पान वळणावरच्या वडाशी पोचायच्या आत ओवी संपली, तर नदी निवांत. पान आधी पोचलं, तर वर कुठंतरी पाऊस कोसळलाय. आधी गाव हसलं. मग धुरपाला विचारल्याशिवाय गुरं पाण्यात घालीना.

ती नदीकडे पाठ मात्र कधी करत नसे. घागर घेऊन उलट्या पावलांनी घरी जायची. म्हणायची, "पाठ केली आन् तेवढ्यात धनी आले तर?"

अशी कित्येक वर्षं गेली. भादव्यातली एक संध्याकाळ. आभाळ लख्ख, घरोघरी चुली पेटलेल्या. धुरपानं पान सोडलं. ओवीचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत पान वडापाशी! आणि त्याच क्षणी, असं म्हणतात, पलीकडून नाव निघाली. नावेत हैबती उभा होता.

इतकी वर्षं जिच्या वाटेकडे डोळे लावले, ती नाव समोर आणि पाठीमागं अख्खं गाव. धुरपाचा जीव दोन्हीकडे तुटला.

"धनी, वाईच थांबा," ती म्हणाली आणि वळली. "माळावर चला! नदी येतीया!"

म्हातारी, लेकरं, वासरं, सगळी माळावर गेली. घरं बुडाली, माणूस एकही गेलं नाही. धुरपा परत धावली, तर समोर नुसतं पाणी. ओवी म्हणत ती पायऱ्या उतरली. नंतर ती कुणाला दिसली नाही.

आज पूल आहे. नदीत सरकारी आकड्यांचा खांबही आहे. तरी दरसाल भादवा सरता पाणी दिव्याच्या पायरीखाली गेलं की गाव घाटावर जमतं. कावेची रेघ ओढतात, पान सोडतात आणि थोरापोरांसकट सगळे पलीकडे हाक घालतात, "हैबतीऽऽ, पानी उतरलं, ये!"

मग सगळे उलट्या पावलांनी घरी जातात. तिनं एकदाच पाठ फिरवली, तीही गावासाठी. गावानं कशी फिरवावी? न जाणो, तेवढ्यात तो आला तर.